आपल्या भोपळ्याला जादूची कांडी लागत नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशी परीकथा मराठी लोकजीवनात आणून मुलांपुढे मांडण्याचा प्रघात अलीकडे बालपुरवण्यांत, दिवाळी अंकांत आणि विशेषतः शाळांच्या स्नेहसंमेलनांत चांगलाच रुळला आहे. मला हा प्रघात मनापासून आवडतो, आणि म्हणूनच तो ज्या घाईने चालला आहे त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटले. मी तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर गोष्टी सांगण्याचे काम घरच्या आणि शेजारपाजारच्या मुलांपुरते उरले आहे, पण गोष्टीची ओढ काही कमी झालेली नाही. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

निमित्त घडले ते नातीच्या शाळेतल्या नाटुकल्याचे. ‘मराठमोळी सिंड्रेला’ असे त्याचे नाव होते. मुली नऊवारी नेसल्या होत्या, नाकात नथी होत्या, अंबाड्यावर गजरे होते. सिंड्रेलाची सुंदरा झाली होती, राजवाड्याचा चौसोपी वाडा झाला होता आणि राजपुत्राच्या नाचाच्या समारंभाऐवजी मंगळागौरीचे जागरण घातले होते. मुलींनी झिम्मा, फुगड्या, पिंगा असे काही रंगवले की सभागृहाने ताल धरला. तेवढ्यात पडद्यामागून घड्याळाचे बारा ठोके पडले, सुंदरा पळत सुटली आणि तिच्या पायातला काचेचा बूट वाड्याच्या पायरीवर राहिला. राजपुत्राने तो मखमली उशीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी उशी उचलून प्रेक्षकांना दाखवली. माझ्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “अहो, मंगळागौर तर लग्न झालेल्या पोरींची. हिचं लग्न आधीच झालंय का?”

हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस सोडवेना. मंगळागौर नवविवाहितेने पूजायची, श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतरची पहिली पाच वर्षे, आणि रात्रीचे जागरण बायकांचे. म्हणजे जिला अजून वर मिळायचा आहे ती मुलगी तिथे पूजेला बसणार नाही, आणि जो वर शोधतो आहे तो राजपुत्र त्या ओटीवर फिरकणार नाही. नाटुकले बसवणाऱ्या शिक्षकांच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि त्या मुलींचा आनंद तर खराच होता. पण मंगळागौर तिथे शोभेसाठी आली होती. तिची माणसे कोण, तिचा दिवस कोणता, तिथे कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही हे सगळे बाजूला राहिले होते. वास्तविक गोष्ट नव्याने सांगायची तर ती याच नियमांतून फुटायला हवी. गोष्टीला गती मिळते ती आडकाठीतून, आणि कुठल्याही मुलखाच्या रीतीभाती म्हणजे कोणाला कुठे जाता येते आणि कोणाला येत नाही याचेच तर नकाशे असतात.

सिंड्रेलाची गोष्ट परकी म्हणून तिला हातच लावू नये, असे मला म्हणायचे नाही. ती कोणा एका देशाची कधीच नव्हती. चीनमध्ये नवव्या शतकात त्वान छंगशी या लेखकाने लिहून ठेवलेल्या येशियनच्या कथेत परी नाही. त्या मुलीने पाळलेला मासा सावत्र आई मारून खाते आणि त्या माशाची हाडेच पुढे मुलीला वस्त्रे देतात. ती जाते ती तिथल्या लोकांच्या सणाला, आणि तिथे तिचा सोन्याचा जोडा हरवतो. इटलीत १६३० च्या दशकात बासीले या लेखकाने नेपल्सच्या बोलीत तीच गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये १६९७ साली शार्ल पेरोच्या पुस्तकात भोपळ्याची बग्गी, उंदरांचे घोडे आणि काचेचा बूट आला. जर्मनीत १८१२ साली ग्रिम बंधूंनी ती छापली तेव्हा परीच्या जागी आईच्या थडग्यावरचे झाड आणि त्यावरचे पक्षी मदतीला आले. १८९३ साली मॅरियन कॉक्स या अभ्यासिकेने या कथेची आणि तिच्या जवळच्या कथांची मिळून ३४५ रूपे गोळा करून प्रसिद्ध केली. यात मला लक्षणीय वाटते ते हे की, प्रत्येक मुलखाने गोष्टीचे सांधे बदलले आहेत. मदतीला कोण येते, मुलगी घराबाहेर कोणत्या निमित्ताने पडते, मागे काय राहते, छळणाऱ्यांचे शेवटी काय होते, हे त्या त्या मातीने ठरवले. आपण मात्र पेरोचे सगळे सांधे जसेच्या तसे ठेवतो आणि वरून लुगडे नेसवतो.

आपल्याकडे असे सांधे नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. १८६८ साली मेरी फ्रिअर या मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीने ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचा दख्खनच्या लोककथांचा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. दक्षिण मराठा मुलखातून प्रवास करताना त्यांच्या आयाने, अ‍ॅना लिबेराटा डिसूझा यांनी, आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांना सांगितल्या होत्या. त्यात सोदेवाबाई नावाच्या राजकन्येची गोष्ट आहे. डोंगरावर रानफुले वेचताना तिच्या पायातला रत्नजडित सोन्याचा जोडा निसटून खाली रानात पडतो, शिकारीला आलेल्या राजपुत्राला तो सापडतो, तो जोडा आईला नेऊन दाखवतो आणि जिचा जोडा तिचा शोध सुरू होतो. इथपर्यंत सिंड्रेलाच. पण या गोष्टीत लग्न लवकर होते आणि खरे संकट त्यानंतर येते, कारण राजपुत्राची पहिली राणी घरात आहे आणि सोदेवाबाईचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या माळेत आहे. सवत ती माळ चोरवते. पेरोची कथा जिथे थांबते तिथून ही सुरू होते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टींत लग्न हा शेवट क्वचितच असतो. पालखी सासरच्या दारात उतरते आणि मग गोष्टीला तोंड फुटते.

याहून जवळचे उदाहरण आपल्या घराघरांत दर श्रावणात वाचले जाते. सोमवारच्या शिवामुठीची कहाणी आठवावी. आटपाट नगरच्या राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टे, नेसायला जाडेभरडे, राहायला गुरांचा गोठा आणि काम गुराख्याचे. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात आणि शिवामुठीचा वसा देतात. चूल आणि राख यांच्या जागी गोठा आणि गुरे, परीच्या जागी नागकन्या. आणि पुढचा भाग तर मी वर्गात वाचत असताना दर वेळी मुलांचे डोळे मोठे करीत असे. नावडतीचा देव पाहायला राजा रानात जातो. तिथे देऊळ सोन्याचे झालेले असते. राजा आपले पागोटे खुंटीवर ठेवून तळे पाहायला जातो, इकडे देऊळ नाहीसे होते. पागोटे राहिले म्हणून तो माघारी फिरतो, तर तिथे एक लहानसे देऊळ, आत पिंडी, पिंडीवर आपणच केलेली पूजा आणि खुंटीवर आपलेच पागोटे. सोन्याचा देखावा ठरल्या वेळी विरून जातो आणि साक्षीला एक वस्तू मागे उरते. हा सांधा पेरोच्या कथेतही आहे, पण आपल्या कहाणीत मागे राहिलेली वस्तू मुलीची नाही, राजाची आहे. मुलीचे पाऊल कोणा जोड्यात बसते की नाही याची परीक्षाच होत नाही. ज्याने तिला ओळखले नव्हते त्याच्याच डोक्यावरची वस्तू त्याला तिच्या दारी परत आणते. मग सुनेला पालखीत घालून घरी आणतात. मराठीत सिंड्रेला सांगू पाहणाऱ्याच्या हाती इतकी सुरेख किल्ली आयती असताना काचेच्या बुटाचे अडते कुठे, हे मला समजत नाही.

जोड्याबद्दल आणखी थोडे लिहिते, कारण हा तपशील वरवर क्षुल्लक वाटतो, पण तो गोष्टीच्या गाभ्याशी जातो. मराठी मनात पायातल्या वस्तूला दोनच जागा आहेत. एक उंबऱ्याबाहेरची. “पायातली वहाण पायातच बरी” ही म्हण आपण कोणाला उद्देशून वापरत आलो आहोत हे सांगायला नको. घरातल्या बाईचे तोंड बंद करायला ती हमखास काढली जाते. दुसरी जागा थेट सिंहासनावरची किंवा पालखीतली. भरताने रामाच्या पादुका राज्यासनावर ठेवल्या, आणि आषाढीच्या वारीत आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या आणि देहूहून तुकारामांच्या पादुकाच पालखीतून पंढरपूरला जातात. वहाण आणि पादुका यांच्या मधली जागा, म्हणजे सुंदर मुलीचा सुंदर बूट आणि तो हातात धरून तिच्यासाठी झुरणारा राजपुत्र, ही आपल्या प्रतिमासृष्टीत सहज बसत नाही. सोदेवाबाईचा जोडा आहेच, म्हणून ती अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. पण जो कोणी जोडा ठेवील त्याने ही म्हण ऐकली आहे हे त्याच्या गोष्टीत कळले पाहिजे. ज्या घरात मुलीला “पायातली वहाण” म्हटले गेले त्याच घरात राजाची माणसे तिची वहाण पालखीत घालून आणतात, एवढे एक वाक्य कोणी लिहिले तरी ती गोष्ट मराठी झाली असे मी मानीन.

मुलीच्या नावाचेही तसेच. ‘सिंड्रेला’ या नावात राख आहे. चुलीपाशी राखेत बसणारी म्हणून ते नाव. त्याचे सुंदरा करताना छळच पुसला गेला. आपल्याकडे घरात राबवून घेतलेल्या मुलीसाठी फार नेमका शब्द आहे: पोतेरे. जमीन सारवायचे ते फडके. “पोरीचं नुसतं पोतेरं केलं” हे वाक्य मी लहानपणी आजूबाजूच्या बायकांच्या तोंडून कितीदा ऐकले असेल. शेणाच्या पाण्यात बुडवलेले, पिळलेले, कोपऱ्यात टाकलेले ते फडके ज्याने पाहिले आहे त्याला या मुलीविषयी अधिक काही सांगावे लागत नाही.

आणि छळाची रीत? ग्रिम बंधूंच्या कथेत सावत्र आई डाळ राखेत ओतते आणि म्हणते, ही वेचून काढ, मग समारंभाला जा. वेचून झाली की आणखी ओतते. भोंडल्याचे कारल्याचे गाणे ज्यांनी म्हटले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले तर म्हणते, वेल येऊ दे. वेल आला तर फूल, फूल आले तर कारले, कारले आले तर त्याची भाजी. दर कडव्याला एक अट पुरी होते आणि नवी लागते. हजारो मुली हे गाणे फेर धरून हसत-हसत म्हणतात, पण ते गाणे आहे एका अडकवून ठेवलेल्या मुलीचे. डाळ आणि राख मराठीत आणण्याची गरजच नाही. कारल्याचा वेल मांडवावर चढवला की काम झाले, आणि त्याबरोबर वेल वाढायला लागणारा काळही गोष्टीत येतो. एका संध्याकाळची अडवणूक पाहता पाहता सगळ्या पावसाळ्याची होते.

माझ्या नातीला मी ही गोष्ट अशी सांगून पाहिली. ती आठ वर्षांची आहे आणि तिच्या शंका थेट असतात. आई वारली, सावत्र आई आली, मुलगी राबू लागली, इथपर्यंत तिने ऐकून घेतले आणि विचारले, “पण आजी, तिची मावशी कुठे होती?” मी थबकले. इतकी वर्षे ही गोष्ट सांगून मला जे सुचले नव्हते ते तिला क्षणात सुचले. मराठी घरातली मुलगी अशी एकटी नसते. आजोळ असते, मामा असतो, आणि “माय मरो पण मावशी जगो” ही म्हण तर या प्रसंगासाठीच जन्मली आहे. पेरोची परी ही मुलीची धर्ममाता असते, म्हणजे आईची जागा घेण्याचे वचन दिलेली बाई. आपल्याकडे ते वचन कोणी द्यावे लागत नाही. मावशी जन्मानेच त्या जागी असते. तेव्हा मराठी गोष्टीतली परी ही मावशी असायला हवी, आणि मग सांगणाऱ्याला लगेच दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: मावशी इतके दिवस आली का नाही? तिला तिच्या सासरहून निघता येत नव्हते का? तिच्याही मांडवावर कारल्याचा वेल होता का? आणखी एक अवघड शक्यता आहे. पूर्वी बायको वारली की तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न लावण्याची चाल अनेक घरांत होती; अशा घरात मावशीच सावत्र आई होऊन येते. एकाच बाईत परी आणि सावत्र आई दोघी आल्या तर गोष्ट किती खोल जाईल! मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या एखाद्या कथाकाराने हे जरूर करून पाहावे.

राहता राहिला नाच. तरुण मुले आणि मुली एकत्र नाचतात असा समारंभ महाराष्ट्रात नाही असे आपण गृहीत धरतो, ते आपण फक्त वाड्यांकडे पाहतो म्हणून. पालघर भागातल्या वारली समाजात तारपा वाजवणाऱ्याभोवती स्त्री-पुरुष हात गुंफून फेर धरतात, आणि वारली चित्रांमुळे तो फेर आता जगाला ठाऊक आहे. पण तिथे गोष्ट न्यायची तर राजपुत्राला राजपुत्रपण सोडावे लागेल, आणि ती गोष्ट वारली सांगणाऱ्याला विचारून, त्याच्या तोंडून घ्यावी लागेल. भिंतीवर चार चित्रे काढून भागणार नाही. मी स्वतः सोपा मार्ग धरला. माझ्या गोष्टीत मुलगी भोंडल्याला जाते, कारण तो कुमारिकांचाही असतो. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून झाल्यावर प्रत्येकीने झाकून आणलेली खिरापत ओळखायची असते. राजाची आई वेश पालटून तिथे आलेली असते. तिला सगळ्यांच्या खिरापती ओळखता येतात. एकीची मात्र येत नाही, आणि ती कोणाची हे कळायच्या आत कोंबडा आरवायची वेळ होऊन मुलगी निघून जाते. पुढचा शोध त्या चवीचा. नातीने विचारले, “डब्यात काय होतं?” मी म्हटले, ते तू ओळख. ती अजून ओळखते आहे. रोज रात्री नवा पदार्थ सांगते आणि गोष्ट पुन्हा तिथून सुरू करायला लावते.

आता भोपळ्याकडे येते. पेरोच्या कथेत भोपळ्याची बग्गी व्हायला कांडी फिरवावी लागते. आपली म्हातारी लेकीकडून परत निघते ती भोपळ्यातच बसून, तो भोपळा भोपळाच राहतो आणि तरी “चल रे भोपळ्या” म्हटले की टुणुक टुणुक चालू लागतो. वाघ वाटेत उभा, आणि आतून म्हातारीचा आवाज. ही युक्ती कोणा परीची नाही, तिला भोपळ्यात बसवून वाटेला लावणाऱ्या लेकीची आहे. तीन डुकरांच्या घरांची इंग्रजी गोष्ट बालवाडीत शिकवताना मला नेहमी आठवे की आमच्या मुलांनी ती दोन वर्षांची असतानाच ऐकलेली असते: कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. तिथे लांडगा फुंकर मारतो, इथे पाऊस येतो. तिथे शत्रू दाराशी येतो, इथे दाराशी येतो तो भिजलेला शेजारी, आणि चिमणी म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. इंग्रजी गोष्टीत दार न उघडणे शहाणपणाचे असते; आमच्या गोष्टीत त्याच कृतीपाशी मुले अस्वस्थ होतात. “उघड ना गं” असे ओरडणारी मुले मी दर वर्षी पाहिली आहेत. तीन डुकरे मराठीत आणू पाहणाऱ्याने या अस्वस्थतेपासून सुरुवात करावी.

असे रुजवणे मराठीला नवे नाही, हे मुद्दाम नमूद करते. पु. ल. देशपांडे यांनी नाटककार बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ हे नाटक केले, ते १९७५ साली रंगभूमीवर आले. लंडनमधल्या उच्चारांचा भेद मराठीत कसा आणणार? त्यांनी तो आपल्या बोली आणि प्रमाणभाषा यांच्यातल्या दरीत शोधला, आणि ती दरी आपल्या समाजात खरोखरच असल्यामुळे नायिका मंजुळेचे बोलणे उसने वाटले नाही. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचे ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले आणि विजया मेहता यांनी ते आपल्या लोकनाट्याच्या रीतींतून उभे केले. मोठ्यांच्या रंगभूमीसाठी इतकी मेहनत झाली, तर मुलांच्या वाट्याला निव्वळ वेशभूषा का यावी?

भाषेविषयी एक तक्रार आहे, ती कोणा एका प्रकाशनाविरुद्ध नाही. लोककथेच्या धर्तीवर लिहिलेल्या बहुतेक गोष्टी “एके काळी एका राज्यात एक सुंदर मुलगी राहत होती” अशा सुरू होतात. हे वाक्य मराठी शब्दांचे आहे, पण आपल्या आजीने असे कधी म्हटले नाही. “आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता” या आरंभात लहान वाक्यांची जी चाल आहे ती गोष्टभर टिकते. क्रियापदे पुढे सरकत राहतात, वर्णनासाठी कोणी थांबत नाही. शेवटही तसाच. “ते सुखाने नांदू लागले” म्हटले की गोष्ट त्या दोघांपुरती संपते. कहाणी मात्र नावडतीला देव प्रसन्न झाला तसा तुम्हां-आम्हां होवो असे म्हणते आणि ऐकणाऱ्यांना आत ओढून घेते. तिथे बसलेल्या सुनांपैकी कितीजणी स्वतः नावडत्या असतील, याचा विचार केला की त्या एका वाक्याचे वजन कळते. बोलीचेही तेच. वऱ्हाडातली, खानदेशातली, कोकणातली गोष्ट छापताना आपण तिला प्रमाणभाषेचा रंधा मारतो आणि मग लोकरंग हवा म्हणून वाक्यागणिक ‘गं बाई’ पेरतो. मुलांना बोली कळत नाही ही भीती निराधार आहे. माझ्या वर्गात अहिराणी बोलणारी दोन भावंडे होती. त्यांनी आपल्या आजीची गोष्ट तशीच सांगितली तेव्हा बाकीच्या मुलांना अर्धे शब्द कळले नसतील, पण कोणीही जागचे हलले नाही.

जुने ते सगळे जपावे असाही माझा आग्रह नाही. ग्रिम बंधूंच्या पुढच्या आवृत्त्यांत कबुतरे सावत्र बहिणींचे डोळे टोचून काढतात. शिवामुठीच्या कहाणीत आवडत्या सुनांना कसलीही शिक्षा होत नाही आणि सासऱ्याला कोणी जाबही विचारत नाही. मला दोन्ही शेवट अपुरे वाटतात. आजच्या मुलीला नावडतीची कहाणी सांगताना “तिला गोठ्यात का ठेवलं?” हा प्रश्न येतोच, आणि “ती नावडती होती म्हणून” हे उत्तर तिला पुरत नाही, पुरूही नये. इथे नव्या सांगणाऱ्याने जरूर स्वातंत्र्य घ्यावे. जुन्या सांगणाऱ्या बायकांनीही ते घेतलेच होते, नाहीतर एका गोष्टीची इतकी रूपे झाली नसती.

आपल्या बालपुरवणीकडे माझी विनंती आहे ती अशी. परीकथा मराठीत नव्याने लिहून मागवाल तेव्हा लेखकांना वेशभूषेपेक्षा या सांध्यांकडे लक्ष द्यायला सांगावे. त्याबरोबर वाचक मुलांना आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एकेक गोष्ट त्यांच्याच शब्दांत उतरवून पाठवायला सांगावे, आणि ती बोलीसकट छापावी. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या मुळात अशाच दारोदारी बसून, ऐकून आणि लिहून घेऊन. गोष्टींच्या बाबतीत एवढे मोठे काम एका पुरवणीने होणार नाही, पण दर आठवड्याला एक गोष्ट एवढे नक्की होईल. आणि छापताना सांगणारीचे नाव तिची संमती घेऊन गोष्टीच्या वर द्यावे, खाली बारीक अक्षरांत नको. १८६८ साली एका इंग्रज बाईने आपल्या आयाचे नाव आणि तिची जीवनकहाणी स्वतःच्या पुस्तकात छापली होती. आपण आपल्या आज्यांच्या गोष्टी ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली छापत आलो आहोत.

पहिली गोष्ट पाठवायला मी तयार आहे. माझ्या आजीची ती नाही. खिरापतीचीच आहे, आणि ती निम्मी माझी, निम्मी नातीची आहे. डब्यात काय होते ते मात्र तिचे ओळखून झाल्याशिवाय लिहिता येणार नाही, एवढी सवलत द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका